गाडीपेक्षा झोळी बरी

'फादर, राग नको मानू. पण मला खाली उतरव. गाडीपेक्षा झोळी बरी.'

आजोबा पर्वताच्या पायथ्याकडील एका ठाकरवाडीतला हा वृद्ध बाबा भाताच्या बांधावरून घसरला होता आणि त्याचे खुब्याचे हाड मोडले होते. ठाकर मंडळी लहानथोर सर्वांना एकेरीतच संबोधतात, त्यात अनादर नसतो. जीपच्या मागच्या भागात दोन गोधड्या अंथरून आम्ही त्याला आडवे केले होते आणि जेमतेम अर्धा किलोमीटर आलो होतो. पहिल्या दगडावर तो ओरडला. दुसऱ्या दगडावर त्याने ओठ दाबून धरले. तिसऱ्या वेळी माझ्या सदऱ्याची बाही धरून त्याने वरील विनंती केली.

मी गाडी थांबवली. बरोबरच्या तरुणांनी बांबूला घोंगडी बांधली, बाबाला तीत अलगद ठेवले आणि चौघे आळीपाळीने खांदा देत चालू लागले. डांबरी रस्ता तेथून तीन किलोमीटर होता. तेवढे अंतर मी त्या झोळीच्या मागोमाग रिकामी जीप चालवीत गेलो. पुढे आजारी माणूस माणसांच्या खांद्यावर आणि मागे त्याच्याचसाठी घेतलेले वाहन! माझ्या धर्मगुरुपदाच्या इतक्या वर्षांत मी पुष्कळ मिरवणुकींत चाललो आहे, पण इतक्या शरमेने कोणत्याही मिरवणुकीत चाललो नाही.

त्या जीपला तीन महिन्यांपूर्वीच नवे, महागडे शॉकॲब्सॉर्बर बसवले होते. ते मी स्वतः निवडले होते. या लेखात त्या निवडीची हकिगत सांगायची आहे. साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात गाडीच्या सुट्या भागांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरांतील मुले अशा उंच गाड्या घेऊ लागली आहेत. आणि काही वाचक आमच्यासारख्या केंद्रांना गाड्या भेट देतात. दोघांच्याही उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

डोळखांब हे शहापूर तालुक्यातील आसपासच्या पाड्यांचे मोठे गाव. प्राथमिक आरोग्य केंद्र येथे आहे, वनखात्याचे कार्यालय आहे. शहापूरहून शेणवेमार्गे येथवर डांबरी रस्ता आहे. पुढे चोंढ्याकडेही रस्ता गेला आहे, कारण तेथे घाटघर जलविद्युत प्रकल्पाचे खालचे धरण झाले. वरच्या धरणातले पाणी खाली सोडून वीज करायची आणि तेच पाणी पुन्हा वर चढवायचे, अशा प्रकारचा हा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ साली सुरू झाला. प्रकल्पाला रस्ता लागतो, म्हणून रस्ता होतो. पाड्यांना प्रकल्प नाही. याच तालुक्याच्या अंगावरून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला आहे. इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूर आठ तासांवर आले. आमच्या काही वाड्यांपासून डांबरापर्यंत पोहोचायला पावसाळ्यात अजूनही तासभर लागतो. मध्ये ओढे आहेत आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी खोल गेलेल्या गाडीवाटा आहेत. चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा जीपच्या पोटाला घासतो.

त्या घासण्यातूनच हे प्रकरण उद्भवले.

आमची जीप जुनी महिंद्रा आहे. एका कुटुंबाने केंद्राला दिलेली. चारही चाकांवर कमानपाटे आणि पुढेमागे आडवे अखंड ॲक्सल, अशी तिची साधी रचना. १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी करणाऱ्या कंपनीने पुढे कितीतरी वर्षे हीच रचना चालवली आणि खेडोपाडीच्या लोहारालाही ती समजते. पोट घासू नये म्हणून २०२२ साली मी ती शहरातल्या एका गॅरेजात नेली आणि तीन इंच उंच करून घेतली. कमानींत एकेक पाटा वाढवला, कमान चेसिसला जोडणाऱ्या शॅकल लांब केल्या. काम एका दिवसात झाले. गाडी अशी दिमाखदार दिसू लागली की रविवारी मिस्सा संपल्यावर मुले तिच्याभोवती गोळा होत. मीही, खरे सांगायचे तर, चर्चच्या पायऱ्यांवर जरा रेंगाळत असे.

गाडी उंच केली म्हणजे काय उंच होते, हा साधा प्रश्न मी त्या वेळी विचारला नाही. उंच होते ते फक्त कमानींच्या वरचे अंग: चेसिस, इंजिन, बसणारी माणसे. ॲक्सल आणि त्याच्या मध्यभागचा डिफरन्शियलचा गोळा चाकांनाच जखडलेला असतो. तो होता तेथेच राहतो. दगड लागतो तो बहुधा त्या गोळ्यालाच! गोळा वर न्यायचा तर चाकच मोठे हवे. म्हणजे तीन इंचांतून मला मिळाले एवढेच, की चेसिसचे पोट उंचवट्यावर घासेनासे झाले. त्याच्या बदल्यात गाडीचा भार वर सरकला आणि वळणावर ती झुकू लागली.

गॅरेजवाल्यांनी जुने शॉकॲब्सॉर्बर तसेच ठेवले होते. ते चांगल्या स्थितीत आहेत, असे त्यांनी सांगितले आणि ते खरेही होते. ऑक्टोबरात एका ओढ्याच्या कडेवरून उतरताना पुढचे डावे चाक पोकळीत लोंबले, ताडकन आवाज झाला आणि शॉकॲब्सॉर्बरचे खालचे कडे तुटून आले. नवे बसवले. महिन्याभराने उजव्या बाजूचे तसेच तुटले. मी नशिबाला बोल लावला. डोळखांबच्या रस्त्यावरच्या मिस्त्रीने मात्र तुटलेला भाग हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, 'फादर, हा मार खाऊन नाही तुटला. हा ओढून तुटला.'

याचा अर्थ मला पुष्कळ नंतर कळला. तो सांगण्यापूर्वी शॉकॲब्सॉर्बर मुळात काय करतो ते पाहू. पाठ्यपुस्तकात त्याला 'धक्काशोषक' म्हणतात, गॅरेजात 'शॉकप'. दोन्ही नावे थोडी फसवी आहेत. धक्का पहिल्यांदा झेलते ती कमान. गाडीचा भारही तीच उचलते. पण कमानीचा स्वभाव असा, की दाबली की ती ते बळ साठवून ठेवते आणि लगेच परत फेकते. एकट्या कमानीवरची गाडी एका खड्ड्यानंतर चारपाच वेळा वरखाली झुलत राहील. त्या झुलण्याला आवर घालण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. एका नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे. चाक हलले की दट्ट्या हलतो, तेल छिद्रांतून कष्टाने पलीकडे जाते आणि हालचालीचे बळ उष्णतेत जिरते. नळीला हात लावून पाहिल्यास ती गरम लागते. भार उचलण्याशी साध्या शॉकॲब्सॉर्बरचा काही संबंध नाही. म्हणून 'गाडी बसली आहे, शॉकप बदला' हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. गाडी बसते ती कमान थकल्यामुळे.

आमच्या भागातील स्त्रिया उन्हाळ्यात डोक्यावर दोनदोन हंडे घेऊन चढण चढतात. (भातसा, तानसा आणि वैतरणा यांचे पाणी मुंबईला देणाऱ्या तालुक्यात हे दृश्य दिसावे, हा निराळाच विषय आहे, त्यावर कधी तरी लिहीनच.) त्यांच्या हंड्यातले पाणी डुचमळत नाही. पाय दगडावर पडतो, गुडघा किंचित वाकतो, पण तो झटक्यासरशी परत ताठ होत नाही. सावकाश सरळ होतो. झोळी वाहणाऱ्या तरुणांचे गुडघेही तसेच चालतात. दाबाला थोडे द्यावे आणि परत येताना धरून ठेवावे, हीच उत्तम शॉकॲब्सॉर्बरची रीत आहे. चाक वर येताना त्याचा विरोध कमी असतो आणि चाक खाली परतताना जास्त, कारण त्याच क्षणी कमान आपले साठवलेले बळ सोडत असते. आमच्या कमानींत पाटा वाढवला तेव्हा हे फेकण्याचे बळही वाढले. जुन्या शॉकॲब्सॉर्बरला ते आवरत नव्हते.

इथे एक छोटेसे विषयांतर. शॉकॲब्सॉर्बर म्हटले की आपल्याकडे गेब्रियल हे नाव तोंडी येते. १९६१ साली स्थापन झालेल्या या कंपनीचा पहिला कारखाना मुंबईत मुलुंडला होता. आता चाकण आणि नाशिक येथे तिचे कारखाने आहेत. सेमिनरीत शिकलेल्या माणसाला गाब्रिएल देवदूत गाडीखाली कसा आला, असा प्रश्न पडणारच. उत्तर अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात सापडते. तेथे क्लॉड फॉस्टर नावाच्या संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी, गाडीच्या धुरावर वाजणारा एक सुरेल भोंगा तयार केला आणि गाब्रिएलच्या कर्ण्यावरून त्याला नाव दिले. पुढे त्याच नावाने त्याने गाडीचे हिसके आवरणारे साधन काढले. वास्तविक बायबलात गाब्रिएलच्या हाती कर्णा कोठेही दिलेला नाही, ती लोकपरंपरा आहे. फॉस्टरने १९५२ साली आपली बहुतेक संपत्ती आपल्या शहरातील धर्मादाय व शैक्षणिक संस्थांना वाटून टाकली. गावोगावच्या खड्ड्यांतून ज्याचे भाग्य उभे राहिले, त्याने ते असे परत केले हे वाचून मला बरे वाटले. असो.

दुसरी चूक माझी स्वतःची. मिस्त्रीचे बोलणे अर्धवट ऐकून मी ठरवले, की जुने शॉकॲब्सॉर्बर आखूड आणि नरम होते, तर आता लांब आणि कडक घ्यावेत. माझा एक भाचा दर पावसाळ्यात मित्रांबरोबर आपली थार घेऊन डोंगरात जातो. गोव्यात २०१४ पासून भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या चिखलातल्या स्पर्धेच्या चित्रफिती त्याने मला दाखवल्या. त्या गाड्यांचे शॉकॲब्सॉर्बर पाहून मीही भारावलो. त्याच्याबरोबर शहरातल्या एका दुकानात गेलो. 'तीन इंच लिफ्ट? मग हेच,' असे सांगून दुकानदाराने चार झळाळते नग पुढे ठेवले. आत उच्च दाबाचा नायट्रोजन भरलेले, एकाच जाड नळीचे. उंचीवाचून दुसरे काहीही त्याने विचारले नाही. गाडीत माणसे किती बसतात, ती कोण असतात, ताशी किती वेगाने जाता, हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. अशा गाडीचा धनी पुढे बसतो आणि त्याला हातातल्या चक्रातून रस्ता जाणवायला हवा असतो. भरधाव गाडी खड्ड्यांवरून नेताना तेल तापून फेसाळते आणि फेसाळलेले तेल दट्ट्याला अडवत नाही; म्हणून दाबाखालचा वायू. हे सर्व भाच्याच्या गाडीला योग्यच होते. मी मात्र ताशी दहा-पंधरा किलोमीटरने, मागे आजारी माणूस घेऊन जाणारा. अशा संथ चालीत कडक शॉकॲब्सॉर्बर दगडाचा धक्का कमानीपर्यंत पोहोचूच देत नाही, तो काठीसारखा ताठ राहून सरळ चेसिसवर टाकतो. गाडीच्या मागच्या भागात, ॲक्सलच्या बरोबर वर, तो सगळा धक्का येतो. तेथेच आमची गोधडी अंथरलेली असे.

बाबा उतरला तो याच गाडीतून.

त्याच आठवड्यात मागच्या उजव्या शॉकॲब्सॉर्बरची चेसिसवरची बैठकच वाकली. आता मी गुमान मिस्त्रीकडे गेलो. त्याने पहिल्यांदा चारही शॉकॲब्सॉर्बर काढून बाजूला ठेवले आणि खिशातून मोजपट्टी काढली. 'आधी गाडीला विचारू, मग दुकानाला,' एवढेच म्हणाला. पुढचे दोन दिवस मी त्याच्याकडे स्टुलावर बसून होतो. सेमिनरीतल्या तर्कशास्त्राच्या तासालाही मी इतक्या एकाग्रतेने बसलो नव्हतो.

त्याने जॅक लावून चेसिस इतकी उचलली की चाक मोकळे लोंबू लागले. शॉकॲब्सॉर्बर ज्या दोन खिळ्यांवर अडकतो त्यांमधले अंतर मोजले: साडेवीस इंच. ब्रेकच्या रबरी नळीला बोट लावून ती ताणली जात नाही ना, हेही पाहिले. उंच केलेल्या गाडीत पहिल्यांदा तुटायला हवी तर हीच नळी तुटते आणि त्याचा पत्ता उतारावरच लागतो. मग कमानीचे बाकीचे पाटे सोडवून फक्त मुख्य पाटा ठेवला आणि ॲक्सल जॅकने वर चढवत नेला, चेसिसखालच्या रबरी गुटक्याला तो टेकेपर्यंत. पुन्हा अंतर मोजले: साडेबारा इंच. चाकाची सारी ये-जा या दोन आकड्यांच्या मध्ये.

माझे मूळचे शॉकॲब्सॉर्बर पूर्ण उघडल्यावर अठरा इंच होत. म्हणजे चाक अजून अडीच इंच खाली जाऊ पाहत असताना शॉकॲब्सॉर्बर संपलेला असे आणि लोंबणाऱ्या ॲक्सलचे सारे वजन त्याच्या कड्यावर येई. 'ओढून तुटला' तो असा. महागड्यांची गत उलटी. ते उघडून एकवीस इंच होत, पण पूर्ण मिटल्यावर साडेतेरा इंचांखाली जात नसत. चाक साडेबाराला गुटक्यावर अडायचे, त्याआधी एक इंच शॉकॲब्सॉर्बरच आतल्या आत तळाला आपटे. गुटक्याचे काम तो करू लागला आणि त्याची बैठक वाकली.

गाडी उंच करणाऱ्या सर्वांना हा तिढा सोडवावा लागतो. लांब उघडणारा शॉकॲब्सॉर्बर मिटल्यावरही लांबच राहतो, कारण दांड्याला मावायला तेवढीच नळी लागते. म्हणून गाडी उंच केली की रबरी गुटकाही खाली आणावा लागतो. मिस्त्रीने गुटक्यामागे पावणेदोन इंचांचा लोखंडी ठोकळा बसवला. आता चाक सव्वाचौदाला अडू लागले. साडेतेराला मिटणारा आणि एकवीसला उघडणारा शॉकॲब्सॉर्बर अगदी योग्य झाला. वर पाऊण इंच शिल्लक, खाली अर्धा. वरची हालचाल गुटक्याने थांबवावी, खालची कमानीने. शॉकॲब्सॉर्बरवर यांतले कोणतेच काम येता कामा नये. उंची विचारून शॉकॲब्सॉर्बर देणारा दुकानदार आणि ही दोन मापे मागणारा दुकानदार, यांतील दुसऱ्याकडे जावे.

लांबी ठरली. राहिला कडकपणा. इथे मिस्त्रीने जे प्रश्न विचारले ते दुकानात कोणी विचारले नव्हते. जाताना गाडीत किती जण? बहुधा मी एकटा. येताना? कधी सहा, कधी एक आडवा आणि दोघे त्याला धरून. मग मधल्या भाराचा हिशेब धरायचा, असे तो म्हणाला. पूर्ण भाराला बेतलेला शॉकॲब्सॉर्बर रिकाम्या गाडीला आपटवतो आणि रिकामीला बेतलेला भरलेलीला झुलवतो. वाढवलेला पाटा मागच्या कमानीतून त्याने काढूनच टाकला. कमान जितकी कडक तितके तिला आवरायला जास्त बळ लागते, म्हणून आधी कमान नरम करावी. जी थोडी उंची त्यामुळे गेली ती शॅकलने भरून निघाली.

नळी एकेरी की दुहेरी, यावर त्याचे मत ठाम होते. एकेरी नळीत दट्ट्या बाहेरच्या भिंतीलाच घासून चालतो. तिला दगडाने एक पोचा आला की दट्ट्या अडकला. दुहेरी नळीत आतली नळी सुरक्षित असते, बाहेरचीला पोचा आला तरी काम चालते. आमच्या वाटेवर तेल तापण्याचे भय थोडे आणि दगड उडण्याचे जास्त. म्हणून दुहेरी नळीचे, कमी दाबाचे, मध्यम कडक, डोळ्यांत न भरणारे काळे शॉकॲब्सॉर्बर आले. कड्यांतले बुश साध्या रबराचेच ठेवले. पॉलियुरेथेनचे टिकाऊ असतात, पण बारीक थरथर गाडीत पोहोचवतात, आणि मोडलेल्या हाडाला ती थरथरही पुरेशी असते.

बसवून झाल्यावर त्याने घरातून कळशी आणली, दोनतृतीयांश भरली आणि जीपमध्ये मागे, गोधडीच्या जागी ठेवली. शेजारी त्याचा मुलगा बसला, कळशीला हात न लावता नुसता पाहायला. मी शेताच्या वाटेने अर्धा किलोमीटर गेलो आणि आलो. पहिल्या खेपेला पाणी सांडले. टायरांतली हवा थोडी उतरवली. दुसऱ्या खेपेला थोडे सांडले. तिसऱ्या खेपेला मुलगा म्हणाला, 'फादर, दोनदाच उडाले, तेही तुम्ही जोरात नेली म्हणून.' यंत्रशास्त्रात याहून सूक्ष्म परीक्षा असतील. मला ही पुरे झाली.

एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य होणार नाही. वर्षभराने जीपच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली, तेव्हा मी कायदा वाचला. तो आधी वाचायला हवा होता. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ सांगते, की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. झिजलेला शॉकॲब्सॉर्बर बदलणे ही दुरुस्ती आहे, त्यात गैर काही नाही. गाडीची बांधणीच बदलणे हे वेगळे. रविवारी व्यासपीठावरून नियमपालनावर बोलणाऱ्याने आपली जीप तीन इंच वर मिरवावी, हे मनाला पटेना. मिस्त्रीने जुन्या शॅकल जपून ठेवल्या होत्या. 'तुम्ही येणार हे ठाऊक होते,' असे म्हणत त्याने त्या काढून दिल्या. गुटक्यामागचा ठोकळा निघाला, मापे पुन्हा घेतली गेली, आणि मूळ उंचीला बसणारे चार शॉकॲब्सॉर्बर आले; दुहेरी नळी, मध्यम कडक, रबरी बुश, सारे तसेच. लांब चार मिस्त्रीकडेच पडून आहेत. भाच्याला मी हे सर्व कळवले. त्याने उत्तरादाखल एक हसरे चित्र पाठवले. त्याची गाडी अजून उंच आहे.

पोट आता पुन्हा घासते. वाडीतल्या तरुणांनी एका रविवारी पहारी आणि घमेली घेऊन चाकोरीच्या मधला उंचवटा तोडला. दोनशे पावलांची वाट, अर्धा दिवस लागला. हे आधी का सुचले नाही, असे मी विचारले, तेव्हा त्यांतला एक म्हणाला, की फादरची गाडी उंच होती ना, म्हणून कोणाला गरज वाटली नाही.

बाबावर ठाण्याला शस्त्रक्रिया झाली होती. दोन महिन्यांनी तो परतला, तेव्हा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्याला डांबर संपते तेथवर घेऊन आली. नवे शॉकॲब्सॉर्बर नुकतेच बसले होते. मी जीप घेऊन आधीच जाऊन थांबलो होतो. मागे जाड गादी होती, उशी होती, मिस्त्रीच्या मुलाला मुद्दाम बरोबर घेतले होते. तरुणांच्या हातांत बांबू आणि घोंगडी होतीच. त्यांना कोणी आणायला सांगितले नव्हते.

बाबाने जीपकडे पाहिले. मी त्याला कळशीची हकिगत सांगितली, पाणी दोनदाच उडाल्याचेही सांगितले. त्याने सगळे नीट ऐकून घेतले. मग काठी टेकत तो दोन पावले पुढे आला, बॉनेटवर हात ठेवून किंचित दाबून पाहिले आणि म्हणाला, 'फादर, तुझी गाडी सुधारली असेल. पण हे हाड अजून नवे आहे. पुढल्या खेपेला बसेन.'

तो झोळीत बसला. उशी मात्र त्याने मागून घेतली.